अपठित उतारा

अर्ध्या तासाची घंटा झाली, तरी नववीच्या वर्गातून कोणी बाहेर आलं नाही.

इंग्रजीच्या बाई पटांगणात पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. शेजारी मुख्याध्यापक. ऊन चांगलंच तापलं होतं. मुख्याध्यापकांनी हातातली प्रश्नपत्रिका कपाळाशी धरून सावली केली होती.

"घंटेच्या आधी कुणाला सोडत नाहीत, सर. म्हणून थांबली असतील," बाई म्हणाल्या. "आता येतील."

"येऊ देत की. मी कुठे चाललोय?"

पैज मुख्याध्यापकांनी लावली होती, मान मात्र बाईंची अडकली होती. वर्षभर त्यांनी नववीला एकही उत्तर पाठ करायला लावलं नव्हतं. वाचा, समजून घ्या, आपल्या शब्दांत सांगा, एवढाच त्यांचा हेका. नुसत्या बरोबर उत्तराला काही अर्थ नाही, ते पोपटालाही येतं, असं त्या भर बैठकीत म्हणाल्या होत्या. गाइडसरांना ते झोंबलं. गाइडसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बाजारातल्या गाइडांमधली उत्तरं ते इतकी घडाघडा म्हणत, की खरं नाव शिपायाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. पोरं पाठ करायचं विसरली आणि समजून घ्यायला शिकली नाहीत, तेलही गेलं नि तूपही गेलं, असं त्यांनी पालकांना पटवून दिलं. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एक तरी मूल इंग्रजी समजून वाचतं, एवढं मला डोळ्यांनी दिसू दे. नाहीतर सोमवारपासून नववी गाइडसरांकडे."

"दाखवते डोळ्यांनी," बाई म्हणाल्या, आणि रात्री बसून त्यांनी इंग्रजीत स्वतः एक उतारा लिहिला. सहावीच्या मुलालाही जमावं इतका सोपा. प्रिय विद्यार्थ्या, ही परीक्षा नाही. पेन खाली ठेव. खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहू नकोस. शांतपणे उठ आणि पटांगणात ये. मी पाण्याच्या टाकीजवळ उभी आहे. जो येईल त्याला पूर्ण गुण. त्याखाली, परीक्षेसारखं दिसावं म्हणून, चार प्रश्न.

आता त्या टाकीजवळ उभ्या होत्या आणि पूर्ण गुण घ्यायला कोणी येत नव्हतं.

बाईंना राहवेना. त्या तरातरा वर्गाच्या खिडकीशी गेल्या. मागोमाग मुख्याध्यापक. आत सगळ्या माना खाली आणि सगळी पेनं चालू. खिडकीलगत वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी बसली होती. बाईंनी तिच्या उत्तरपत्रिकेत डोकावून पाहिलं. पहिला प्रश्न होता: विद्यार्थ्याने काय करावे? तिने मोत्यासारख्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: विद्यार्थ्याने ताबडतोब उठून पटांगणात जावे. खाली पट्टीने रेघ. तिच्या शेजारच्याने तेच लिहून वर कारणही जोडलं होतं: कारण बाई उन्हात वाट पाहत आहेत.

"अगं, समजलाय ना तुला उतारा?" बाई कुजबुजल्या.

"हो बाई. अगदी सोपा होता."

"मग ऊठ की!"

मुलीने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "असं काय करता बाई? अजून चौथा प्रश्न राहिलाय."

पर्यवेक्षक नेमके गाइडसर होते. ते खिडकीशी आले. "बाई, पेपर चालू आहे. मुलांना काय सांगताय?"

"मी नाही, उतारा सांगतोय. वाचलात का तुम्ही?"

"वाचला ना. बरा जमलाय." गाइडसरांनी आवाज खाली आणला. "पण बाई, उताऱ्यात सांगितलेलं करायचं नसतं. लिहायचं असतं."

बाई मुख्याध्यापकांकडे वळल्या. "सर, सगळ्यांना समजलंय. उत्तरं बघा ना! एकूण एक बरोबर."

"बरोबर उत्तर पोपटालाही येतं, असं तुम्हीच म्हणाला होतात." मुख्याध्यापकांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली. "आपलं डोळ्यांनी ठरलं होतं. बाहेर आलं का कोणी?"

दोघं पटांगण ओलांडून कार्यालयाकडे निघाले. टाकीपाशी पोचले, तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

शेवटच्या बाकावरची उंच मुलगी उठली होती. वर्षभरात तिने तोंड उघडल्याचं बाईंना आठवत नव्हतं. तिने पेन खिशाला लावलं, उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली आणि ती दाराकडे चालू लागली.

"अगं ए, एक अक्षर लिहिलं नाहीस!" गाइडसरांचा आवाज पटांगणापर्यंत आला. "शून्य मिळेल, शून्य!"

मुलगी थांबली नाही. पायऱ्या उतरून, उन्हातून, इकडेतिकडे न बघता ती सरळ टाकीपाशी आली आणि बाईंसमोर उभी राहिली. बाईंचे डोळे भरून आले. वर्ग राहिला तर राहिला, पण एकीने वाचलं होतं. वाचून उठली होती.

मुख्याध्यापक मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. "जिंकलात, बाई. नववी तुमची." गाइडसरही तावातावाने पाठोपाठ आले होते. त्यांच्याकडे बघत मुख्याध्यापकांनी मुलीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, बेटा! आता काय समजलं ते या सरांना तुझ्या शब्दांत सांग बघू."

मुलीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"खरं सांगू, सर? मला काहीच समजलं नाही, म्हणून उठून आले. ज्यांना समजलं, ते सगळे आत लिहीत बसलेत."