काचेवरची नावं

"आलं का पाणी?" कुंडलिकनं स्टिअरिंगमागून तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाई, अण्णा." त्याची लेक हर्षाली गाडीच्या मागं उभी होती. मागची काच धुळीनं माखलेली आणि तिच्यावर पाणी मारणारी पिचकारी कोरडी ठणठणीत. सकाळीच कुंडलिकनं गाडी मागं घेताना काचेतून काही न दिसल्यानं गोठ्याची भिंत ठोकली होती. आळेफाट्याचा मेकॅनिक म्हणाला होता, पिचकारीची मोटर गेलीय, गाडी दोन दिवस सोडून जा.

हर्षाली अवसरीला इंजिनिअरिंगला होती, सुट्टीला घरी आली होती. तिनं कान लावला. बटण दाबलं की मोटर घुरघुरत होती. म्हणजे मोटर धडधाकट होती आणि मेकॅनिकनं अण्णांना चक्क थाप मारली होती. तिनं पिचकारीला जोडलेला पाइप काढला, अण्णांनी बटण दाबलं, तर पाणी थेट तिच्या तोंडावर. पाइपही मोकळा. अडलं होतं ते पिचकारीच्या तोंडाशीच.

आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणून तिनं त्या भोकात हलकेच फिरवली. लाल रंगाचा वाळका तुकडा बाहेर पडला. पाइप परत बसवला, अण्णांनी बटण दाबलं आणि काचेवर पाणी उडालं.

धूळ गेली तशी नावं लखलखली. महिन्यापूर्वी ओतूरच्या पेंटरनं लाल ऑइलपेंटात रंगवलेली. रंगवताना त्या बहाद्दरानं ब्रश पार वरपर्यंत ओढून पिचकारीही बुजवून टाकली होती. समर्थ. शौर्य. तिचे दोघं भाऊ, जे आत टीव्हीसमोर लोळत होते. आणि त्यांच्याखाली, त्यांच्याहून मोठ्या अक्षरांत, हिऱ्या. शर्यतीचा बैल.

सुट्टीला आल्यापासून चार दिवस ती धुळीआडूनही हे बघत होती आणि गिळत होती. आज मात्र डोकं फिरलं.

"अण्णा, माझं नाव का न्हाई?"

कुंडलिक खुशीत खाली उतरला होता. "अगं येडे, तू उद्या लगीन होऊन दुसऱ्याच्या घरी जाणार. तिथल्या गाडीवर लागंल की तुझं नाव!"

"हिऱ्या गेल्या सालीच गेला. तुमीच इकला, चाकणच्या बाजारात. त्यो बी दुसऱ्याच्याच घरी हाय."

कुंडलिकचं हसू विरलं. "त्यानं शर्यतीच्या घाटात पैला नंबर मारला व्हता, हर्षे. लई नाव झालं व्हतं आपलं..."

दहावीला हर्षाली केंद्रात पहिली आली होती. ते तिनं बोलूनही दाखवलं नाही. बापाला आठवण करून द्यावी लागते, याचाच तिला जास्त संताप आला.

कुंडलिक गाडीत जाऊन बसला आणि उगाच बटण दाबत राहिला. पाणी समर्थवरून, शौर्यवरून, हिऱ्यावरून ओघळत राहिलं. थोड्या वेळानं नुसती मोटर घुरघुरली.

"हर्षे, टाकीत पाणी वत गं जरा."

भरलेली बादली तिच्या पायाशीच होती. तिनं ती उचलली, जास्वंदीच्या मुळाशी रिकामी केली आणि घराकडं वळली.

"हिऱ्याला हाक मारा," ती म्हणाली.