दगडावरचं लाल नाव

"पुस्तक नंतर बघू. आधी रंग," म्हातारी म्हणाली आणि थडग्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली.

सिट किन-वा तिच्यावर छत्री धरून उभा राहिला. आज चुंग येउंग, पूर्वजांना भेटायचा सण. अर्धं हाँगकाँग डोंगरावरच्या दफनभूमीत लोटलं होतं. शेजारच्या थडग्यापाशी तीन पिढ्या दाटीवाटीने बसून भाजलेलं डुकराचं मांस खात होत्या. येप घराण्याच्या थडग्यापाशी दोघंच, आणि त्यातला सिट तर परका.

येपांची वकिलांची फर्म शंभर वर्षांची झाली होती. घराण्यातलं एक जरी माणूस जिवंत असलं तरी त्याच्या संमतीशिवाय दारावरची पाटी उतरवायची नाही, असं संस्थापकांनी करारातच घालून ठेवलं होतं. ते एक माणूस म्हणजे त्यांची अविवाहित मुलगी, पुई-लान. भागीदारांना नवं नाव हवं होतं. दहा वर्षांपूर्वी फर्मचा प्रमुख झाल्यापासून सिट दरवर्षी सही मागायला इथे यायचा आणि हात हलवत परतायचा. ती कधी ऑफिसात येत नसे, कुणाला घरी बोलवत नसे.

यंदा त्याने फर्मचा छापील इतिहास आणला होता. लोणी लावायला.

"हा फोटो बघा, आत्याबाई. मोठ्या साहेबांच्या मांडीवर तुम्ही."

तिने हात पुसून पुस्तक घेतलं. "मोठे साहेब रुबाबदार दिसतायत."

वडिलांना तीही 'मोठे साहेब'च म्हणायची. जुन्या घरांतली शिस्त, सिटला वाटायचं.

"आणि ही मागे पंखा धरून उभी असलेली पोर?"

"मोलकरीण असेल. नाव काही सापडलं नाही."

"विचारलंत कुणाला?"

"विचारायला उरलंय कोण आता?"

"तेही खरंच," म्हणत तिने पुस्तक मिटून पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीवर ठेवलं. ती पिशवी तिने चढणीवरही त्याला उचलू दिली नव्हती.

दगडावर तीन नावं होती. आई-वडिलांची सोनेरी, कारण ते गेलेले. खाली पुई-लानचं लाल, कारण ती अजून आहे. म्हातारी वरची अक्षरं सावकाश उजळत होती. सिटला गलबलून आलं. हिच्या माघारी हे लाल नाव सोनेरी करायला कोण येणार? आपण येऊ, त्याने मनाशी ठरवलं. मग खिशातला सहीचा कागद आठवला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

तिने कुंचला पुन्हा सोनेरी रंगात बुडवला आणि लाल अक्षरावर टेकवला.

"आत्याबाई, थांबा. हे तुमचं नाव आहे. इथे लाल द्यायचाय."

"दिसतंय मला." तिचा हात थांबला नाही. "पुई-लान बाई जाऊन बारा वर्षं झाली. पाटी उतरू देऊ नकोस, म्हणाल्या होत्या. झेपलं तोवर केलं. आता डोंगर चढवत नाही. म्हणून आज त्यांना आई-वडिलांपाशी आणलंय."

तिने पिशवी उघडली. आत पांढरा अस्थिकलश होता.

सिटच्या हातातली छत्री कलली. "मग तुम्ही?"

"पंखा धरलेली," ती म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत नाव घाला. लिऊ साम-मुई."