नवख्या फॉरवर्ड

मोना भारी, हे यादोराव काही केल्या कबूल करत नव्हता, आणि हेमराजचं डोकं फिरायची वेळ आली होती. गावातल्या दोन नवख्या पोरी जिल्ह्याच्या हॉकी संघात गेल्यापासून आसगावच्या मैदानाच्या कडेला रोज हाच वाद.

“मोनाच्या स्टिकले बॉल चिकटून राह्यते, भाऊ!”

“अन् रीता धावली तं कोणाच्या बापाले सापडते का?”

“मंग पहिल्याच मॅचमंदी धापा काहून टाकत होती तुही रीता?”

“तुही मोनाबी टाकतच होती!”

हेमराजनं कपाळावर हात मारला. “प्रॅक्टिसच नाही करत ना ह्या पोरी!”

तेवढ्यात मोना आणि रीता स्टिका घेऊन मैदानाशी आल्या. दोघंही ताडकन उठून एका सुरात ओरडले, “पोरीहो, तिकडंच थांबा! आमचं धान वाळून राहिलं मैदानात, दिसत नाही का?”