वसंतात उपटलेला मूदान

हान साहेबांच्या अंगणात खड्डा आधीच खणून ठेवलेला होता. पांग म्हाताऱ्याने त्यात हात घालून पाहिला. कोपरापर्यंतसुद्धा गेला नाही. एवढ्याशा खड्ड्यात कांदे लावतात, मूदानसारखं मोठ्या फुलांचं झाड नव्हे, असं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याच्याकडे काम अडलंय त्याच्या दारात उभं राहून शहाणपण शिकवायचं नसतं. त्याने मुकाट्याने कुदळ घेतली आणि खड्डा मोठा केला.

अडलेलं काम म्हणजे नात. मिआओ सहा वर्षांची झाली होती आणि तिला शहरातल्या चांगल्या शाळेत घ्यायचं की नाही, हे हान साहेबांच्या एका शब्दावर होतं. साहेबांच्या घरात फुलांचा भारी शौक. पांगच्या गावात घरोघरी मूदान, त्यातही त्याच्या स्वयंपाकघराच्या दारापुढचा काळपट लाल मूदान बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. पांगच्या मुलाने, मिआओच्या बापाने शौयीने, दोन्हींची बरोबर सांगड घातली: झाड साहेबांना भेट द्यायचं.

मूदान हलवायचा तो शरदात, पानं गळायला लागल्यावर. हे त्यांच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. वसंतात, कळ्या धरलेल्या असताना उपटला, की तो अंगात असेल नसेल ती ताकद फुलांवर उधळतो आणि मग वाळत जातो. शौयीलाही हे ठाऊक होतं. पण शाळेचं ठरायचं होतं ते आत्ता. शरदापर्यंत थांबायला कोणाला वेळ होता? सकाळी टेम्पो दारात आला तेव्हा मिआओची आजी आत कणीक मळत होती. "न्यायचाय तर न्या," ती म्हणाली, "पण मला बघायला बोलावू नका."

बापलेकांनी गवताच्या दोरांनी आवळलेला मुळांचा गड्डा खड्ड्यात उतरवला. झाड म्हाताऱ्याच्या छातीला लागत होतं. कळ्या लिंबाएवढ्या झाल्या होत्या, दोन-चारांच्या टोकाला रंगही दिसायला लागला होता. म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी मुळांभोवती माती दाबत गेला. मग त्याचा हात आपसूक वर गेला. एक उपाय अजून होता. सगळ्या कळ्या खुडून टाकायच्या. दोन वर्षं झाड रुसून बसेल, पण जगेल. त्याने पहिली कळी मोडली.

"अहो पांगकाका, हे काय चालवलंय?" हानबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. "रविवारी पाहुणे यायचेत. फुलं बघायला."

"कळ्या काढल्या तर झाड जगेल, बाईसाहेब."

"आणि पाहुण्यांना काय, पानं दाखवू?"

शौयी घाईघाईने हसला. "बाबांना खोड आहे हो. घरीही दिवसभर त्याच्याच मागे असतात." मग खाली वाकून, ओठ न हलवता म्हणाला, "बाबा, मिआओचा विचार करा जरा."

म्हाताऱ्याला राग आला. मुलाचा आला, बाईंचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, कारण सकाळी स्वयंपाकघराच्या दारात कुदळ चालवली ती त्यानेच. दुसऱ्या कळीवरचा हात त्याने काढून घेतला.

"रविवारपर्यंत फुलतील," तो म्हणाला.

"बघा, किती छान." बाई खूश झाल्या. "मुलीचं मी साहेबांच्या कानावर घातलंय. काम झालंच म्हणून समजा."

शौयीने कमरेत वाकून आभार मानले. म्हातारा उठून उभा राहिला आणि तोही वाकला. पण त्याला राहवेना. "बाईसाहेब, फुलं झडली की मी येऊन छाटून जाईन. शरदात पुन्हा येईन, खत घालीन. कदाचित तग धरेलसुद्धा."

"छाटायचं कशाला?" बाईंना खरंच कळलं नव्हतं. "फुलं संपली की माळी काढूनच टाकतो. उन्हाळ्यात तिथं गुलाब लावतो ना आम्ही. पुढच्या वसंतात कुणी ना कुणी दुसरा आणतंच."

त्या काही टोचून बोलल्या नव्हत्या. सहज, घरातली रीत सांगावी तसं सांगितलं आणि चहा सांगायला आत गेल्या.

"मग फेकायच्या आत मीच घेऊन जातो," म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला. "त्यांना नकोच असेल तर."

"दिलेली वस्तू परत मागणार? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? साहेबांना काय वाटेल? अहो, पोरीला सहा वर्षं काढायचीत त्या शाळेत."

शौयीचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर त्याला झोंबलं. कोपऱ्यातली बादली त्याने नळाखाली धरली, भरून आणली आणि माती वाहून जाऊ नये म्हणून बुंध्याशी तळहात आडवा धरून पाणी सोडत राहिला. ते जिरेपर्यंत थांबला. मग जाऊन दुसरी बादली भरून आणली.

"पुरे की आता," शौयी म्हणाला. "महिन्याभरात उपटूनच टाकणार आहेत."

"ते आपल्याला कळलंय," म्हातारा बादली कलती करत म्हणाला. "त्याला कुठं कळलंय?"