निर्धास्त गल्ली

भगवानरावांची बदली खटकचिंचोळीहून गुलबर्ग्याला झाली, तशी त्यांची बायको सोजराबाई त्यांच्यासोबत खोली बघत हिंडली. बाईमाणसानं निर्धास्त राहावं अशा वस्तीतली भाडी परवडेनात, आणि परवडणारी एकच खोली दारुड्यांची वर्दळ असलेल्या शिंदीखान्याला लागून होती. अखेर एका शांत गल्लीत दोन खोल्या निम्म्या भाड्यात मिळायची वेळ आली, तेव्हा भगवानराव खुलले. सोजराबाईनं मात्र तिथल्या शेजारणीला विचारलं, "अक्का, येवढं सस्त कामून?"

शेजारीण चहा ओतत म्हणाली, "आधीच्या भाडेकऱ्यानं बायकोला पेटवलं हितं. लई येळ वरडायली होती पोरगी."

"मग तुमी कुणी गेलं न्हाई?"

"कामून जावं? नवरा-बायकोचं त्येंचं त्येंनी बघावं. चांगल्या लोकांची गल्ली हाय ही. समद्यांनी दारं लावून घेतली."

हातातला चहा तसाच ठेवून सोजराबाई बाहेर पडली.

भगवानराव मागोमाग आले. "भुताला भ्यालीस व्हय?"

"शिंदीखान्याजवळची खोली घ्या," ती म्हणाली. "तिथं मी वरडले तर एखादा दारुडा तरी धावून यील."