थेंबही सांडला नाही

जुन्या जीपला नवं सस्पेन्शन बसवून नवनाथ भांडगावला आपल्या तोडणी झालेल्या उसाच्या रानात शिरला. डॅशबोर्डवर चहाचा भरलेला ग्लास ठेवून त्यानं शेजारी बसलेल्या खंडूला बजावलं, "बघ, थेंब सांडायचा न्हाई."

सऱ्या, दगड, बांध, सगळं झालं. शेवटी त्यानं गाडी उसाच्या वाळक्या पाचटाच्या ढिगावर घातली. डावं चाक हातभर वर चढलं, सावकाश खाली उतरलं. चहा जागचा हलला नाही.

"कळलं का काय?"

"छ्या! गादीवरनं गेल्यागत वाटलं," खंडू हसला.

तेवढ्यात नवनाथची बायको सविता भाकरी घेऊन आली.


"अवो, जेवाय चला. आन् थंडी वाजती म्हणून तुमचं आबा त्या ढिगात पाचट अंगावर घेऊन निजल्यात, त्यांनाबी उठवा."