सुरतेवरची हुंडी

तुळजासा विणकर सुरतेच्या पेढीची पायरी चढला. रेशीम आणायला येवल्यातल्या साऱ्या गल्लीने पैसे जमवून सावकाराकडे भरले होते, आणि त्याने लिहून दिलेली, या पेढीवर पैसे मिळायची सुरतेवरची हुंडी चार दिवसांपूर्वी वाटेत चोरांनी पळवली होती.

“शेठजी, येवल्याच्या सावकाराची आमची हुंडी चोरीला गेली. ती कुणी वटवली तर नाही ना?”

“आला होता परवा एक जण,” पेढीवरचे शेठजी म्हणाले. “‘इथं तुला ओळखणारं कोण आहे?’ एवढंच विचारलं, तर जोडे टाकून पळाला.”

“पण हुंडी तर त्याच्याकडेच राहिली,” तुळजासा म्हणाला.

“अहो, चोराने नुसता कागद नेला. पैसे शाबूत आहेत. सावकाराकडून दुसरी हुंडी लिहून आणा, लगेच देतो.”

डोळे पुसता पुसता तुळजासाला जाणवलं, आपल्याला सडकून भूक लागलीय. चार दिवसांत पहिल्यांदाच.